टपालताईचे सात निरोप

टपालताई रजेवर गेली, की पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला तिचा खरा आवाज ऐकू यायचा.

एरवी ती मोजून चार शब्द बोलायची. "झालं." "बघते." "बंद करून चालू करा." आणि अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर, "पासवर्ड पडद्याला चिकटवून ठेवू नका हो, ती काय बारशाची पाटी आहे?" कार्यालयाची सगळी ईमेल ती सांभाळायची. तिला ती टपालच म्हणायची, म्हणून तीही टपालताई. दोन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं. त्याने टपाल, टेलिफोन, गप्पा, बैठका असं सगळं एकाच खिडकीत आणून बसवलं. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या चिंचोळ्या खोलीत तिच्याबरोबर फोनकाकाही बसू लागले. काका जुन्या टेलिफोन एक्स्चेंजातले, तारांच्या रानात वाढलेले. चाळीस वर्षं रिसीव्हर खांद्यात धरून बोलल्यामुळे आता डोक्याला हेडफोन असला तरी बोलताना त्यांची मान आपसूक डावीकडे कलायची.

तर रजेची गोष्ट. रजेवर जाताना माणूस मागे एक आपोआप उत्तर ठेवून जातो. "मी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यालयात नाही." वाचणाऱ्याला वाटतं, दारावर कुलूप पाहिलं. टपालताईने असं कुलूप कधी लावलं नाही. तिची आई कपडे शिवायची. पायाखाली शिवणयंत्राची खडखड चालली, की त्या तालावर तिच्या तोंडून ओवी निघायची आणि शिवण संपली की ओवीलाही गाठ बसायची. लेकीने शिवण काही उचललं नाही, ताल मात्र उचलला. बोलायला ती लाजायची. पण आपण तिथे नसताना, आपल्या खुर्चीने आपल्या वतीने बोलायचं, यात लाज कसली? म्हणून तिचं रजेचं उत्तर दोन ओळींची ओवी असायचं.

लोकांना ते इतकं आवडायचं की ती रजेवर गेली की पंपघरातली माणसं मुद्दाम कोरी टपालं पाठवायची. पण सॉफ्टवेअर शिस्तीचं. एका माणसाला एकदाच उत्तर द्यायचं.

"हे काय ताई," पंपघरवाले कुरकुरायचे, "पाव्हण्याला पानावर बसवायचं आणि एका घासावर उठवायचं?"

म्हणून या खेपेला तिने घाट घातला. सॉफ्टवेअरचं उत्तर बाजूला ठेवून तिने स्वतःच एक नियम लिहिला. येईल त्या टपालाला उत्तर, दर वेळी नवी ओवी, सात ओव्या झाल्या की पुन्हा पहिली. आणि त्याला एक लगामही घातला. एका पत्त्याला दिवसात सातच निरोप. यंत्राकडून आलेल्या टपालाला तर एकही नाही, कारण यंत्र यंत्राला उत्तर द्यायला लागलं, तर त्यांना थांबवणारं तिसरं कोण?

हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! रजा तरी कशासाठी होती? शहरभरच्या टपाल सांभाळणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात ती आयुष्यात पहिल्यांदा भाषण करणार होती आणि भाषणाचं नाव होतं, 'यंत्राला गप्प बसायला कसं शिकवावं'.

भाषणाची हौस तिला नव्हती. वेळच तशी आली होती. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर एक करार सहीची वाट बघत पडला होता. तिसऱ्या मजल्यावरचं सगळं काम एका बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं, चिंचोळी खोली बंद करायची, टपालताईने मीटर विभागात जायचं आणि काकांनी तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीत. साहेब मूळचे नळाचे इंजिनिअर. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं जग नळासारखं दिसायचं.

"तुमच्या खोलीत काय चालतं, ते मला कधी कळलंच नाही बाई," ते म्हणाले होते. "तुम्ही बोलत नाही, काका बोलतात ते समजत नाही. त्या मेळाव्यात तुम्ही बोलणार आहात ना? मी येऊन बसतो. ऐकतो आणि मग सहीचं बघतो."

काका त्या दिवशी जिना उतरताना एवढंच म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत माझ्या निवृत्तीला. चौकशीच्या खिडकीत बसवलं तर मी लोकांना काय सांगू गं? शौचालय डावीकडे?"

टपालताई हसली आणि त्या रात्री भाषणाचा कागद लिहायला बसली.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी सहाला खोलीत बसून ती सात ओव्यांची परीक्षा घेत होती. सातवीनंतर पुन्हा पहिली येते का, ते बघायचं तर सातच्या पुढे जायला हवं. म्हणून तिने लगाम काढून जणू खुंटीला टांगला आणि घरी आईला फोन केला. "आई, फोनवरून मला टपालं पाठव. दहाएक. काही लिहू नकोस, नुसती पाठव."

आई तयारच होती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं आणि फोन वाजला.

"तिसरी ठेचाळते गं," आई म्हणाली.

"कुठे?"

"ही बघ. 'तिसरा माझा निरोप, काम जर अडलेलं असेल.' असेल? हे ओवी आहे की नोटीस आहे? पाय थांबतो माझा तिथे."

"अगं, लोकांना अर्थ कळायला नको?"

"अर्थ कळतो गं लोकांना, ताल चुकला की जीव अडखळतो. 'असेल' काढ."

मग मायलेकींची जुंपली. 'असेल' गेलं, 'असलं' आलं, तेही गेलं. आईने शिवणयंत्राशिवायच पायाने ठेका धरलेला फोनमधून ऐकू येत होता. अर्ध्या तासाने तिसरी ओवी अशी उभी राहिली:

तिसरा माझा निरोप, काम फारच अडलं?
शेजारच्या खुर्चीला सांगा काय बिघडलं.

"आता कशी धावली!" आई म्हणाली. टपालताईने ओवी जपून ठेवली, यंत्र झाकलं, दिवा मालवला आणि प्रसन्न मनाने घरी गेली.

लगाम खुंटीवरच राहिला.

मेळावा एका कॉलेजच्या सभागृहात होता. यजमानपद कॉलेजचं टपाल सांभाळणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळे घंटाबाई म्हणत, कारण कुणाचं बोलणं लांबलं की त्या टेबलावरची पितळी घंटा बडवत आणि समोर कोण आहे ते बघत नसत. दोनशे माणसं जमली होती. बँकेची, दवाखान्यांची, छापखान्यांची, विम्याची. या सगळ्यांचं काम नीट चाललं की कुणाला दिसत नाही आणि बिघडलं की कुणाच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा भेटली, की दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखी आपापली दुखणी सांगत सुटतात.

"आमची ईमेल गेल्या महिन्यात तीन तास बंद."

"तीनच? भाग्यवान आहात. आमचे संचालक बैठकीत आवाज बंद ठेवून वीस मिनिटं बोलले."

"मग सांगितलं नाहीत त्यांना?"

"कोण सांगणार? सगळे खूष होते."

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी घंटाबाईंनी मेळाव्याच्या पत्त्यावरून सगळ्यांना टपाल धाडलं: सुस्वागतम, चहा बाहेर, भाषणं दहाला. ते टपालताईलाही पोचलं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत, झाकलेल्या यंत्राआड, तिच्या नियमाने घसा खाकरला आणि उत्तर धाडलं:

पहिला माझा निरोप, खुर्ची दिसेल रिकामी
दोन दिसांची गोष्ट, धीर धरावा तुम्ही.

आता इकडची गंमत बघा. घंटाबाईंनी मेळाव्याच्या पत्त्याला दोन कामं लावून दिली होती. आलेल्या प्रत्येक टपालाला "आपला निरोप मिळाला, आभारी आहोत" म्हणायचं आणि त्याची एक प्रत जमलेल्या सगळ्यांना वाटायची. वक्त्यांचे निरोप पटकन पोचावेत, एवढाच भाबडा हेतू. मध्ये कुणी माणूस बघायला नाही, दार सताड उघडं. ते यंत्र दर पाच मिनिटांनी पेटी उघडायचं. सव्वानऊला त्याने पेटी उघडली, ओवी सगळ्यांना वाटली आणि टपालताईचे आभारही मानले. म्हणजे टपालताईकडे दोन टपालं आली. एक आभाराचं, एक तिचीच ओवी परत. तिच्या नियमाने दोघांनाही उत्तरं दिली. पुढच्या पाच मिनिटांत दोनाची चार, मग आठ, मग सोळा. दोन सज्जन दारात उभे राहून "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसावेत आणि दर वेळी सज्जन दुप्पट व्हावेत, तसा प्रकार.

टपालताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाषणाच्या भीतीने तिने आपला फोन मुका करून पिशवीच्या तळाशी कोंबला होता आणि ओसरीत भाषणाचा कागद पुटपुटत उभी होती. येणारा जाणारा तिच्याकडे बघून हसत होता.

"काय ताई," बँकेतला एक टकलू गृहस्थ म्हणाला, "धीर धरतोय बरं का आम्ही!"

तिला वाटलं, पोचलं असेल एखादं. ती लाजून हसली.

मग दवाखान्यातली एक बाई जवळ आली. "ती पाखराची किती गोड आहे हो! 'दुसरा माझा निरोप, पत्र तुमचं पोचलं, पाखरू गं उंबऱ्याशी पंख मिटून बसलं.' मी आईला पाठवली."

दुसरी? हिला दुसरी कशी मिळाली? हिने दोन टपालं पाठवली असतील का? टपालताई मनाशी जुळवाजुळव करत होती, तोवर छापखान्याचे एक काका दुरूनच हात नाचवत आले आणि म्हणाले,

"चौथा माझा निरोप, पुन्हा पुन्हा का लिहिता?
एका हाकेला ओ देते, दहा हाका का देता?

वा! पण ताई, लिहितंय कोण? आम्ही तर काहीच लिहिलं नाही."

टपालताई पिशवीतला फोन चाचपू लागली. तिला खुंटी दिसली, खुंटीवरचा लगाम दिसला आणि फोनमधून ठेका धरणारा आईचा पाय ऐकू आला.

"आई गं," ती म्हणाली.

तेवढ्यात घंटा वाजली. दहा. "आपल्या पहिल्या वक्त्या, पाणीपुरवठ्याच्या टपालताई!" आणि घंटाबाईंनी तिला दंडाला धरून व्यासपीठावर नेलंसुद्धा.

सभागृह गुणगुणत होतं. आधी तिला वाटलं कान वाजताहेत. मग दिसलं, बाकांवर पालथे घातलेले दोनशे मुके फोन थरथरत होते, भुंग्यांची वस्ती उठावी तसे. तिसऱ्या रांगेत मोठे साहेब बसले होते. त्यांचाही फोन बाकावर कूस बदलत होता. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

ती तोंड उघडणार, तोच पुढच्या रांगेतला बँकेचा टकलू उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. "मानलं बुवा! भाषणाचं नाव 'यंत्राला गप्प बसायला कसं शिकवावं', आणि आधी बोलायला लावून दाखवलं! माझ्याकडे एक हजार तेवीस ओव्या आल्यात. असं प्रात्यक्षिक मी जन्मात बघितलं नाही!"

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मोठ्या साहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे मुद्दाम केलंय?" शेजारी म्हणाला, "अर्थात! चुकून एवढं जमतं होय?" आणि साहेबांनी भुवया उंचावून, हळूच, पण नक्की मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीकडे त्यांनी अशी मान कधी डोलावली नव्हती.

घंटाबाई तिच्या कानाशी लागल्या. "हो म्हण. अगं, हो म्हणून टाक. सगळे खूष आहेत. तुझंही झाकलं जाईल, माझंही."

सोपं होतं. नुसतं हसायचं. हसणं तर तिला बोलण्यापेक्षा बरं जमायचं. करार कचऱ्यात जाईल, काकांना शौचालयाची दिशा सांगावी लागणार नाही, खोली राहील. नाही म्हटलं तर? साहेबांसमोर, दोनशे जाणत्यांसमोर, जी चूक करू नका म्हणून सांगायला आली तीच आपण करून आलो, हे कबूल करायचं. मग मीटर विभाग.

बँकेच्या टकलूने फोन उचलून नुकतंच आलेलं टपाल मोठ्याने वाचलं. "ऐका, ही सातवी आहे!

सातवा माझा निरोप, संपली सारी शिदोरी
आता बोलेन मी स्वतः, बसा जरा शेजारी."

सभागृह शांत झालं. फोन तेवढे गुणगुणत राहिले. स्वतःचीच ओळ परक्याच्या तोंडून ऐकली, आणि टपालताईला वाटलं, खुर्चीने आपल्या वतीने बोलायचं तेवढं बोलून झालं. आता खुर्चीवालीची पाळी.

तिने कागदाची घडी केली.

"हे प्रात्यक्षिक नाही," ती म्हणाली. "ही चूक आहे. माझी."

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, हाही खेळाचाच भाग.

"खरंच सांगते. यंत्राच्या टपालाला उत्तर द्यायचं नाही, असा लगाम मी घातला होता. काल संध्याकाळी तपासणीसाठी काढला. मग तिसऱ्या ओवीवरून माझं आणि आईचं भांडण झालं आणि लगाम परत घालायचा राहिला. दर पाच मिनिटांनी हे दुप्पट होतंय. आत्ता दहा वाजून दोन मिनिटं झालीत. दहा पाचला आणखी हजार येतील, दहा दहाला दोन हजार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत या कॉलेजचं टपाल गुदमरेल. भाषण राहू दे. आधी हे थांबवूया."

आता मात्र दोनशे चेहऱ्यांवरचं हसू मावळलं. दुप्पट या शब्दाचा अर्थ तिथे प्रत्येकाला कळत होता. तिसऱ्या रांगेत साहेबांची मान डोलायची थांबली होती.

तिने पिशवीतून फोन काढला. तो ओव्यांनी असा फुगला होता की पडदा हलेना. "कुणी फोन देता का? नुसता बोलण्यापुरता?" सतरा हात पुढे आले. तिने खोलीचा नंबर फिरवला आणि ध्वनिक्षेपकासमोर फोन धरला.

"बोला, पाणीपुरवठा," काकांचा आवाज सभागृहभर घुमला.

"काका, मी. माझ्या यंत्राशी जाऊन बसा."

"अगं पोरी, तुझं भाषण नाही का चालू?"

"हेच भाषण आहे, काका. बसलात?"

"बसलो. हे काय गं, पडद्याच्या कोपऱ्यात तुझ्या टपालांच्या सूचना मुंग्यांसारख्या चालल्या आहेत! मी म्हटलं आज मेळावा आहे, असेल काही. आता काय करू? यंत्र आत घेत नाही. तुझा पासवर्ड सांग."

"नाही!" दोनशे माणसं एका सुरात ओरडली.

पलीकडे खुर्ची करकरली. मग काका म्हणाले, "कोण ओरडलं?"

"मेळावा, काका. तुमच्या किल्लीने जा. मागच्या वर्षी मी तुमच्या नावाने वेगळी किल्ली करून दिली होती, तुमचा स्वतःचा पासवर्ड."

"हां हां. आहे की. थांब, चष्मा." मग एका बोटाने टंकण्याचे आवाज. टक. टक. बराच वेळ काही नाही. टक. दवाखान्यातली बाई प्रत्येक टक मोजत होती.

एवढ्यात दहा पाच झाले आणि सगळ्या बाकांवरचे फोन पुन्हा एकदम थरारले.

"आत गेलो," काका म्हणाले.

"नियमांच्या यादीत सगळ्यात वर 'सात निरोप' आहे. त्याच्या डाव्या हाताला खूण आहे. ती काढा. पुसू नका, नुसती खूण काढा."

"अगं, ओव्या जातील त्याने?"

"ओव्या राहतील काका, फक्त गप्प बसतील."

टक.

"बसल्या," काका म्हणाले. "आता पंपघरवाल्यांना काय सांगू? सकाळपासून त्यांचे तीन फोन आलेत, आठवी ओवी पाठवा म्हणून."

पण टपालताईचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिची बाजू गप्प झाली तरी मेळाव्याच्या पेटीत तिची दोन हजारांवर उत्तरं जाऊन बसली होती. दहा दहाला पेटी उघडली की ती सगळी वाटली जाणार. तिने घंटाबाईंकडे बघितलं. तोंडाने काही म्हणाली नाही.

घंटाबाईंनी एकदा छताकडे बघितलं, एकदा घंटेकडे. मग त्यांनी घंटा अशी बडवली की मागच्या रांगेतले दचकले. "ऐका! दार माझं उघडं होतं! प्रती वाटायचं काम मी लावून दिलं आणि मध्ये माणूस बसवला नाही. तिचीच चूक नाही, माझीही आहे. मी बंद करून येते!" आणि पदर खोचून त्या धावत सुटल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज वर वर जात राहिला.

दहा आठ. दहा नऊ.

दहा दहा.

एकही फोन थरथरला नाही. बँकेच्या टकलूने आपला फोन उचलून बघितला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दोन हजार सत्तेचाळीस. तिथेच थांबलंय."

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या पहिल्यासारख्या नव्हत्या. आणि टाळ्या ओसरल्यावर आणखी काहीतरी झालं. छापखान्याचे काका उठले आणि म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'चाचणी, दुर्लक्ष करा' असं टपाल चारशे वेळा पाठवलं होतं. आम्ही वादळात वीज गेली असं सांगितलं. वीज नव्हती गेली. मीच होतो." विम्याच्या बाईंनी संचालकांची खासगी बैठक कँटीनच्या पडद्यावर दाखवल्याची कबुली दिली. दवाखान्याच्या बाईने तर असं काही सांगितलं की ते इथे लिहिता येत नाही. धापा टाकत परतलेल्या घंटाबाईंनी तासभर घंटेला हात लावला नाही. मेळाव्याच्या इतिहासात इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

चहाच्या वेळी मोठे साहेब तिला शोधत आले. हातात कप, चेहरा नळाच्या नकाशासारखा.

"बाई, तुमच्यामुळे माझ्या फोनची बॅटरी संपली."

"हो साहेब." ती खाली बघू लागली. आता मीटर विभाग, तिच्या मनात आलं.

"मला एक सांगा. सगळे टाळ्या वाजवत होते. तुम्ही हो म्हणाला असतात तर मला काय कळणार होतं?"

"काहीच नसतं कळलं."

"मग?"

तिने मान वर केली. ती म्हणाली, "दुप्पट होत होतं, साहेब. हसत उभी राहिले असते तर थांबवलं कुणी असतं?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "मागच्या महिन्यात त्या बाहेरच्या कंपनीला मी आठवडाभर कामाचा नमुना दाखवायला सांगितलं होतं. आठवतं? पंपघराचे फोन सकाळभर बंद होते. मी चार टपालं लिहिली. चारही वेळा उत्तर एकच, 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे.'" त्यांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं नळ बघतोय मी. गळत नाही असा नळ नसतो. पण गळती माझ्याकडे आहे, अमुक सांध्याला आहे आणि आत्ता पाना आणा, असं म्हणणारी माणसं मी बोटांवर मोजली आहेत. आज दोन निघाली. एक तुम्ही, एक त्या घंटावाल्या."

"तीन, साहेब. काका पाना घेऊन बसले होते."

"तो माणूस एका बोटाने लिहितो?"

"एकाच. पण चुकत नाही."

साहेब हसले. त्यांना हसताना ती पहिल्यांदाच बघत होती. दात चांगले होते. "खोली राहील," ते म्हणाले. "सही करत नाही मी. पण एक अट आहे. इथून पुढे खुंटीवर काही काढून ठेवलंत की काकांना सांगायचं आणि काकांनी काढलं तर तुम्हाला. एकट्याने लगाम काढायचा नाही."

"नाही काढणार."

ते दोन पावलं गेले आणि परत वळले. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी रजेवर जातोय. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते दारावरचं कुलूप नको मला. एखादी... नळावरची वगैरे... जमेल?"

"जमेल की," टपालताई म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. लगाम, टाळ्या, दोनशे माणसांचं "नाही!", काकांची टक टक. आई बाह्यांना टीप मारत होती, पण हळूहळू यंत्र थांबलं आणि शेवटी शेवटी ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"म्हणजे किती वेळा गेल्या म्हणालीस ओव्या?"

"दोन हजार सत्तेचाळीस. एकेकाला."

"आणि तिसरी?"

टपालताईने मनाशी भागून बघितलं. "जवळजवळ तीनशे वेळा."

आईने हसू आवरलं, चष्मा नाकावर नीट केला आणि पायाने यंत्राला पहिला झोका दिला.

"बघ," ती म्हणाली. "ते 'असेल' तीनशे वेळा गेलं असतं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."